भोंगा वाजवायची वेळ

"विचारलं तरच बोल, व्हेरा," सकाळी दहा वाजता टीमचा जनरल मॅनेजर ग्रॅडी लॅनिंग सगळ्यांच्या देखत म्हणाला. "आज मला नियमांची पोथी ऐकायची नाहीये. तीन वाजता दार बंद होतंय."

व्हेरा हुडाक "बरं" म्हणाली आणि भिंतीशी असलेल्या आपल्या खुर्चीत जाऊन बसली. बावन्न वर्षांची बाई. पिट्सबर्गच्या या बास्केटबॉल टीमच्या ऑफिसात एकवीस वर्षं काढलेली. खेळाडूंचे करार आणि लीगचे नियम जिला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील, तिची खुर्ची कुठे? तर कॉफीच्या यंत्राशेजारी. कोणी कॉफी घ्यायला उठला की त्याच्या कोटाची बाही हिच्या नाकावरून फिरायची आणि वर "सॉरी" सुद्धा नाही.

तीन वर्षांपूर्वी हीच खुर्ची टेबलाला होती, ग्रॅडीच्या उजव्या हाताला. मग या गृहस्थाने एका खेळाडूला कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या बोनस कबूल केला, कोणाला म्हणून सांगितलं नाही, आणि टीमचे एकूण पगार लीगच्या मर्यादेबाहेर गेले. लीगने बडगा उगारला. कॉलेजातून येणाऱ्या नव्या खेळाडूंमधून पहिल्या फेरीत एक निवडायचा जो हक्क दरवर्षी टीमला असतो, तो त्या वर्षी काढून घेतला. टीमच्या मालकीण मिसेस ऑर्टमन. त्यांनी विचारलं, मोजलं होतं कोणी? ग्रॅडी पापणीही न हलवता म्हणाला, "व्हेराने." मग तिच्यापुढे एक कागद सरकवला. "सही कर, नोकरी राहील. नाही केलीस तरी मी हेच सांगणार आहे, फक्त तेव्हा तू रस्त्यावर असशील."

केली तिने सही. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, नावासकट.

आणि ती बातमी जवळच्या मॅकीस्पोर्ट गावात एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एका म्हाताऱ्याने भिंग लावून वाचली. आंद्रू हुडाक, व्हेराचे वडील. पोलादाच्या कारखान्यात नोकरी केली, पण माणूस ओळखला जायचा तो शाळेच्या आणि चर्चच्या बास्केटबॉल सामन्यांच्या टेबलावर. चाळीस वर्षं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून त्यांनी स्कोअर लिहिला. शेजारी भोंग्याचं बटण. वहीत आणि फलकावर कुठे फरक दिसला, की चेंडू थांबल्याबरोबर भोंगा वाजवायचा आणि पंचाला बोलावून सांगायचं. मग ती चूक आपल्या फायद्याची असो नाहीतर समोरच्याच्या. एका वर्षी आपल्याच चर्चची पोरं एका गुणाने जिंकत होती. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पपांना दिसलं की फलकावर एक गुण दोनदा चढलाय. वाजवला भोंगा. बरोबरी झाली, जादा वेळात आपली पोरं हरली, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी हुडाकांच्या पायऱ्यांवर कचऱ्याचा डबा उपडा केला. आई शिव्या देत झाडत होती. सहा वर्षांची व्हेरा खिडकीतून बघत होती, आणि पपा आत बसून शांतपणे कोबीचं सूप पीत होते.

त्या बापाला लेकीने फोनवर सांगितलं होतं, "हो पपा, चुकले मी मोजायला." त्या दिवसापासून पपांचं बोलणं आटलं. दर रविवारी ती जायची. पपा विचारायचे, बर्फ पडतोय का? रस्ते कसे आहेत? सूप गरम आहे का? बस. तीन वर्षं हवामान आणि सूप. चाळीस वर्षांत एक गुण न चुकलेल्या माणसाची पोरगी मोजायला चुकली, याची त्यांना लाज वाटते, एवढं व्हेराला कळत होतं. त्यावर ती रविवारी परत येताना गाडीत दातओठ खायची. ग्रॅडीचं नाव घेऊन स्टिअरिंगवर मूठ आपटायची. एकदा भोंगाच वाजला गाडीचा, आणि पुढच्या ट्रकवाल्याने हात बाहेर काढून जे काय करायचं ते केलं.

तर आजचा दिवस. फेब्रुवारीतला गुरुवार. दुपारी तीनच्या ठोक्याला लीगमधली खेळाडूंची अदलाबदल बंद होणार, आणि तोवर जेव्हॉन टिलरीचं काय ते ठरवायचं होतं.

टिलरी म्हणजे या गावाचा राजा. सहा वर्षं पुलाजवळच्या सात मजली भिंतीवर त्याचं चित्र. पण डिसेंबरात कोणत्याशा गप्पांच्या कार्यक्रमात हे महाशय पाय पसरून म्हणाले, "त्या गावात माझी हाडं गंजली. मला ऊन पाहिजे." झालं! लोकांनी त्याचे शर्ट भर चौकात जाळले. भिंतीवरच्या चित्राला कोणीतरी लोकरीची कानटोपी रंगवली. आता त्याला विकून बदल्यात जास्तीत जास्त काय मिळतं, एवढाच प्रश्न उरला होता.

भिंतीवरच्या पांढऱ्या फलकावर तीन रकाने होते. प्रत्येक खेळाडूच्या नावाची लोहचुंबकाची पट्टी, ती उचलायची आणि या रकान्यातून त्या रकान्यात चिकटवायची. माणसं अशी चटाचट हलताना बघायची व्हेराला एकवीस वर्षांनंतरही सवय झाली नव्हती.

पहिला रकाना कॅन्सस सिटीचा. बावीस वर्षांचा, बास्केटखाली खेळणारा उंच सेंटर बाकारी नोल्स, आणि पहिल्या फेरीचे दोन हक्क. दुसरा लुइव्हिलचा, त्यात खेळाडू यथातथाच, पण हक्क चार. तिसरा सॅन डिएगोचा. त्यात तेहेतीस वर्षांचा नामांकित नेमबाज रिक डेव्हलिन, ज्याचे गुडघे बर्फाच्या पिशव्यांवर जगत होते, आणि हक्क एक.

"लुइव्हिलला पाठवा त्याला!" वॉल्ट कोसार टेबलावर थाप मारून म्हणाला. सत्तर वर्षांचा हा म्हातारा गावोगाव हिंडून खेळाडू हेरून आणायचा. टिलरीला त्यानेच हेरलं होतं, म्हणून त्याचा संताप सगळ्यात मोठा. "सहा सामने जिंकलेत त्यांनी वर्षभरात. बसू दे तिकडे हरत. हाडं गंजली म्हणतो मेला!"

सगळे हसले. टेबलाच्या टोकाला बसलेल्या मिसेस ऑर्टमनसुद्धा हसल्या. एक्क्याऐंशी वर्षांची ही बाई टिलरीचं नाव आलं की पर्सची कडी उघडबंद करायची.

"चेष्टा बाजूला ठेव, वॉल्ट," ग्रॅडी म्हणाला. "तुझं मत?"

"कॅन्सस सिटी. नोल्स दहा वर्षं खेळेल. डेव्हलिनला आता जिना चढायला कठडा लागतो."

व्हेराचंही मत तेच होतं. पण तिला विचारलं कोणी?

ग्रॅडीला सॅन डिएगोच हवं होतं. टिलरीला तिकडेच जायचं होतं, आणि टिलरीच्या एजंटाशी ग्रॅडीचं साटंलोटं होतं, हे कॉफीच्या यंत्रालाही माहीत होतं. साडेअकराला सॅन डिएगोचा फोन आला. हक्क एकाऐवजी दोन देतो म्हणाले. ग्रॅडीने हवेत मूठ उडवली. फक्त एक अडचण होती. जाणाऱ्यांचे आणि येणाऱ्यांचे पगार ठरलेल्या प्रमाणात जुळावे लागतात. टिलरी एकटा दिला तर इकडची बाजू थोडी हलकी पडत होती. अजून एक छोटा पगार टाकायला हवा होता.

ग्रॅडीची नजर फलकावरून खाली आली. पेन ठेवायच्या कट्ट्यावर एक पट्टी धूळ खात पडली होती. त्याने ती उचलली, पँटला पुसली आणि टिलरीच्या खाली चिकटवली.

प्रुइट.

एमेट प्रुइट, वय छत्तीस, बाकड्यावर सगळ्यात शेवटी बसणारा. आयुष्यात नऊ वेळा विकला गेलेला, आणि नऊही वेळा असाच, दुसऱ्या कोणाची बाजू जड करायला. एकदा तर त्याला ते विमानतळावरच्या टीव्हीवरून कळलं होतं.

व्हेरा खुर्चीत ताठ बसली. कारण प्रुइटला विकता येत नव्हतं.

गोष्ट जुलैतली. प्रुइटने दोन वर्षांचा करार मागितला होता. ग्रॅडी म्हणाला, "एक वर्ष पुष्कळ झालं. म्हाताऱ्या घोड्याला दोन वर्षांचा दाणा कोण घालतो?" व्हेराने तेव्हा एक चिठ्ठी लिहून पाठवली होती. आपल्याच जुन्या खेळाडूला फक्त एका वर्षासाठी पुन्हा घेतलं, तर त्या वर्षात त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येत नाही. हा नियम टाळायचा असेल तर दोन वर्षं द्या. चिठ्ठी परत आली. तिच्यावर ग्रॅडीने आपल्या लाडक्या हिरव्या शाईने शेरा मारला होता: "त्याला मागणार कोण?"

ती चिठ्ठी व्हेराने फेकली नाही. का ठेवली ते तेव्हा तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण प्रुइटला मात्र तिने बोलावून सांगितलं होतं, "एमेट, एक वर्ष दिलंय म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. या कागदात एक ओळ आहे, ती तुझी आहे. तुला विचारल्याशिवाय तुला कोणी हलवू शकत नाही." तो अलाबामाकडचा, अदबीचा माणूस. टोपी काढून म्हणाला होता, "मिस व्हेरा, सोळा वर्षांत मला माझा करार कोणी वाचून दाखवला नव्हता."

आता फलकावर त्याचं नाव बघून व्हेरा अर्धवट उठली. खरंच उठली. तोंडही उघडलं होतं तिने.

"काय व्हेरा, कॉफी हवीय?" ग्रॅडी म्हणाला. "तुझ्या हाताशीच आहे की. त्यासाठीच तर तिथे बसवलंय तुला."

टेबल खो खो हसलं. वॉल्ट तेवढा हसला नाही.

व्हेरा खाली बसली. कानशिलं तापली होती. आणि मग आतून काहीतरी गार, सावकाश वर आलं. विचारलं तरच बोल म्हणालास ना? बरं. बस मग. आत्ता सांगितलं, तर हा प्रुइटची पट्टी काढून दुसऱ्याची लावेल, आणि संध्याकाळी टीव्हीवर दात काढत बसेल. पण दीड वाजता सांगितलं तर? अडीचला? तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पर्समध्ये हात घालून आतल्या कप्प्यातली चिठ्ठी चाचपली. होती.

जेवण आलं. आत फ्राइज भरलेली जाडजूड सँडविचेस, गावची पद्धत. व्हेराने आज तीन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत पोटभर खाल्लं.

पावणेदोनला कॅन्सस सिटीवाल्यांचा शेवटचा फोन आला. आत्ता हो म्हणा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो. वॉल्टने अक्षरशः हात जोडले. "ग्रॅडी, ऐक माझं. नोल्ससारखा पोरगा पुन्हा मिळायचा नाही. मी शंभर वेळा बघितलंय त्याला."

ग्रॅडी खिडकीबाहेर बघत राहिला.

व्हेराची बोटं मांडीवर आपोआप हलली, जणू बटण शोधत होती. तिने ती मुठीत आवळून धरली. वॉल्टच्या तोंडाकडे मात्र तिच्याने बघवेना.

"नको," ग्रॅडी फोनमध्ये म्हणाला. "थँक्यू."

वीस मिनिटांत बातमी आली की कॅन्सस सिटीने नोल्सला भलत्याच टीमला देऊन टाकलं. एक दार बंद. सव्वादोनला लुइव्हिलने कंटाळून माघार घेतली. दुसरं दार बंद. व्हेराने दोन्ही मनात मोजली. बघ ग्रॅडी, मला मोजता येतं.

पावणेतीनला लीगच्या वकिलांचा फोन लावला गेला. असा फोन झाल्याशिवाय कुठलाही व्यवहार पक्का होत नाही. दोन्ही टीम, लीगचे वकील, सगळे एकाच वेळी, मधल्या काळ्या स्पीकरवर. एका बाईचा सपाट आवाज नावं वाचू लागला. टिलरी. डेव्हलिन. दोन हक्क, अमुक साल, तमुक साल. ग्रॅडी खुर्चीत मागे रेलून पेन फिरवत होता.

"एमेट प्रुइट," आवाज म्हणाला. "एका वर्षाचा करार, जुनीच टीम. यांची लेखी संमती आमच्याकडे आलेली दिसत नाही. कृपया पाठवा."

पेन थांबलं.

"कसली संमती?" ग्रॅडी म्हणाला.

आवाजाने नियम वाचून दाखवला. पुढे म्हणाला, "तीन वाजेपर्यंत संमती आली नाही तर व्यवहार रद्द समजला जाईल. आम्ही लाइनवर थांबतो."

सॅन डिएगोवाल्यांपैकी कोणीतरी स्पीकरवरून अस्सल शिवी हासडली.

"दुसरा कोणी टाका!" ग्रॅडी ओरडला. "त्याच पगाराचा! व्हेरा!"

हं. आता विचारलंस. व्हेरा जागची न हलता म्हणाली, "त्या पगाराचे दोघे आहेत. एकाला आपण तीन आठवड्यांपूर्वी घेतलंय, त्याला अजून हलवता येत नाही. दुसऱ्याचा खांदा निखळलाय, सॅन डिएगो त्याला तपासल्याशिवाय घेणार नाही. तपासायला दोन तास लागतात. तुझ्याकडे तेरा मिनिटं आहेत."

ग्रॅडीचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला. मग तो मिसेस ऑर्टमनकडे वळला, आणि तेच बोट, तीन वर्षांपूर्वीचं तेच बोट, त्याने व्हेराकडे रोखलं. "हिने! हिने पुन्हा घोळ घातला! करार हिच्याकडे असतात. हिला हे माहीत असायला हवं होतं!"

"माहीत होतं," व्हेरा म्हणाली.

ती उठली. चार पावलंही नसतील टेबलापर्यंत, पण तिने घाई केली नाही. पर्समधून चिठ्ठी काढली आणि मिसेस ऑर्टमनपुढे सुलट करून ठेवली. म्हातारीने चष्मा चढवला. आधी व्हेराचं निळं अक्षर वाचलं. मग हिरवं मोठ्याने वाचलं.

"'त्याला मागणार कोण?'" पर्सची कडी खाटकन मिटली. "हे तुझं अक्षर आहे ना, ग्रॅडी?"

ग्रॅडी तोवर आपल्या मोबाइलवरून प्रुइटला फोन लावत होता; आवाज मोठा करून त्याने तो टेबलावर ठेवला. खालच्या मजल्यावर सरावाच्या कोर्टावर होता तो. मागे चेंडूचे आवाज येत होते.

"एमेट! ऐक दोस्ता, एका कागदावर सही हवीय. सॅन डिएगो! समुद्र, ऊन! तुला काय पाहिजे ते बोल. पुढच्या वर्षी इथे नोकरी? कोचिंग? बोल!"

मग तो संथ दक्षिणी आवाज आला. "मिस व्हेरा आहेत का तिथे?"

"आहे. का?"

"त्यांना विचारा. त्या म्हणतील तसं करीन."

सगळ्या माना भिंतीकडे फिरायला गेल्या, पण व्हेरा आता भिंतीशी नव्हती. ती टेबलापाशी, ग्रॅडीच्या उजव्या हाताला उभी होती. दोन बावन्न झाले होते.

"व्हेरा," ग्रॅडी म्हणाला. घसा खाकरला. "व्हेरा, प्लीज. सांग त्याला."

काय गोड वाटलं म्हणून सांगू! तीन वर्षांच्या रविवारांचं कडू एका घोटात उतरलं. पण एवढ्यावर सोडेल तर ती हुडाक कसली.

"आधी तू सांग," ती म्हणाली. "त्या वेळी मोजायला कोण चुकलं होतं?"

"हे काय भलतंच? वेळ बघ!"

"मी बघतेय वेळ. दोन त्रेपन्न. लीगचे लोक लाइनवर आहेत, मिसेस ऑर्टमन इथे आहेत. सांग."

ग्रॅडीने सगळ्यांकडे पाहिलं. कोणीही त्याच्या मदतीला येईना. टेबलाभोवतीचे सगळे आपापल्या नखांकडे बघत होते.

"मी," तो पुटपुटला.

"स्पीकरपर्यंत गेलं नाही."

"मी चुकलो होतो!" तो किंचाळला. "बोनस मी कबूल केला होता. हिला सांगितलाच नव्हता. हिने बरोबर मोजलं होतं. झालं समाधान? आता सांग त्याला!"

व्हेरा फोनकडे वाकली. "एमेट, ती ओळ तुझी आहे, असं मी जुलैत म्हणाले होते. आजही तुझीच आहे. मी तुला हो म्हण सांगणार नाही आणि नाही म्हणही सांगणार नाही. तुला हवं ते कर."

चेंडू दोनदा आपटल्याचा आवाज आला. मग थांबला.

"मग मी इथेच बरा आहे, मिस व्हेरा. बायकोने दाराला नवा रंग दिलाय. पोरगी शाळेत पहिल्यांदाच दोन वर्षं टिकलीय." तो पुढे म्हणाला, "आणि ग्रॅडीला सांगा, जुलैत तो माझ्या एजंटाच्या तोंडावर म्हणाला होता, याला मागणार कोण. मागणारं कोणीतरी निघालं, ऐकून बरं वाटलं."

फोन बंद झाला. ग्रॅडीने परत लावला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. प्रुइटने तो उचलला नाही. तीनचा ठोका पडला तेव्हा स्पीकरवरची बाई म्हणाली, "व्यवहार रद्द. शुभ दुपार."

कोपऱ्यातल्या टीव्हीवर पाच मिनिटांत टिलरीचं तोंड झळकलं. जूनपर्यंत आता त्याला याच गावात, याच थंडीत, रोज रात्री वीस हजार लोकांच्या शिव्या खात खेळायचं होतं. वॉल्टला खरं तर खूश व्हायला हवं होतं. तो टीव्हीकडे बघतही नव्हता. फलकावरची नोल्सची पट्टी काढून हातात धरून बसला होता. मग त्याने मान वर केली.

"व्हेरा," तो हळूच म्हणाला, "पावणेदोनला माहीत होतं तुला?"

ती आपला कोट उचलायला वळली. वॉल्टने पट्टी खिशात टाकली आणि बाहेर गेला.

मिसेस ऑर्टमन काठी टेकत उठल्या. "ग्रॅडी, उद्या सकाळी तुझी किल्ली माझ्या टेबलावर पाहिजे." मग व्हेराकडे वळून म्हणाल्या, "आणि तू उद्यापासून टेबलाला बस." त्यांच्या आवाजात माया नव्हती. व्हेराला ती नकोच होती.

ती थेट गाडीत जाऊन बसली. पावणेचार वाजले होते, बारीक बर्फ पडत होता. तिने मॅकीस्पोर्टला फोन लावला.

"पपा, मी व्हेरा."

"आज गुरुवार आहे," पपा म्हणाले. "बर्फ पडतोय का तिकडे?"

"पपा, बर्फ राहू दे. ऐका! ग्रॅडीने आज कबूल केलं. मालकिणीसमोर, लीगच्या वकिलांसमोर. ती चूक माझी नव्हती, पपा. मी मोजायला चुकले नव्हते!"

"ते मला ठाऊक होतं."

व्हेराला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?"

"चार वर्षांची असल्यापासून माझ्या मांडीवर बसून गुण मोजायचीस तू. तू चुकशील? पेपर वाचला तेव्हाच मी म्हटलं, हे खोटं आहे."

"मग... मग तीन वर्षं माझ्याशी धड बोलला का नाहीत?" तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते."

"वाटत होती. खोट्या कागदावर सही केलीस म्हणून."

ती रडली. मोठ्याने रडली, गाडीच्या काचा लावून. पपांनी तिला रडू दिलं. मग डोळे पुसून तिने सगळं सांगायला घेतलं. कॉफीचं यंत्र, धुळीतली पट्टी, हिरवी शाई, ग्रॅडीचं किंचाळणं. सांगता सांगता तिच्या आवाजाला धार चढली. प्रुइटचं शेवटचं वाक्य ऐकून पपा खोकल्यासारखं कोरडं हसले. तीन वर्षांत ते हसले नव्हते. व्हेराने फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"चांगला माणूस दिसतो," पपा म्हणाले. "व्हेरा, चूक तुला दिसली किती वाजता?"

"साडेअकराला."

"आणि त्यांना कळली कधी?"

"पावणेतीनला." तिचा आवाज बारीक झाला.

"मध्ये चेंडू थांबला असेल की एखाददुसऱ्या वेळी."

पावणेदोन. खिडकीबाहेर बघणारा ग्रॅडी. वॉल्टचे जोडलेले हात.

"थांबला होता, पपा."

"भोंगा वाजवलास?"

काचेवर बर्फ साचत होता. आज तरी खोटं बोलायचं नाही, एवढं तिने ठरवलं.

"नाही. मुद्दामच नाही वाजवला. आणि तो ग्रॅडी पुन्हा तिथे बसलेला असेल, तर पुन्हाही नाही वाजवणार."

पलीकडे खोली तापवणाऱ्या रेडिएटरची टकटक. मग पपांनी घसा साफ केला.

"पुलावर निसरडं झालं असेल," ते म्हणाले. "गाडी हळू चालव. सूप आहे घरी."

आणि त्यांनी फोन ठेवून दिला.